कोकणातला सूर्योदय

चारमिनारचा परिच्छेद मी आत्ता पुसला, सर, आणि पुसता पुसता तुमचा राग आला. त्याआधी बिर्याणीचा पुसला होता, आणि त्याच्याही आधी लाखेच्या बांगड्यांचा. तिन्ही परिच्छेद चांगले होते. वाक्यं नीट होती, विशेषणं बेतात होती, तुम्ही मान डोलावली असती. त्यांतलं काहीही मी जगलेलं नव्हतं, एवढंच. नल्लकुंट्यात वाढलेली मुलगी चारमिनारला कधी जाते ते तुम्हाला माहीत आहे. घरी पाहुणे येतात तेव्हा.

काय चाललं आहे ते आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा ब्लॉग हा शब्द या गावात कुणी ऐकला नव्हता. कॉम्प्युटरवर ज्याचं त्याचं एक पान असतं. आपण त्यावर लिहायचं आणि जगात कुठेही बसलेल्या माणसाने ते वाचायचं. मध्ये संपादक नाही, निवड समिती नाही, स्पर्धा नाही. माझ्या धाकट्या भावाने आज सकाळी मला तसं पान काढून दिलं. तो आता माधापूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी तो बोलतो भरभर आणि वाचतो बोट ठेवून. जेवायच्या आधी तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि पडद्यावरचा एक रिकामा चौकोन दाखवून म्हणाला, "इथं लिही, ब्लॉग कशाबद्दल आहे."

"कशाबद्दल म्हणजे?"

"म्हणजे विषय, ताई. कोण प्रवासावर लिहितं, कोण खाण्यावर. तू बिर्याणीवर लिही ना. बाहेरच्यांना हैदराबाद म्हटलं की तेच पाहिजे असतं."

"मी बिर्याणी करत नाही. आपल्या घरात कुणीच करत नाही."

"तर काय झालं? हल्लू हल्लू शिकशील. फोटो मी काढतो." मग माझा चेहरा बघून हसला. "उगाच परेशान नको होऊस. ब्लॉग आहे, तुमच्या मंडळाचं हस्तलिखित नाही."

तो जेवून गेला. चौकोन अजून रिकामा आहे. रविवारची दुपार आहे, शेजारच्या घरातून तेलुगू सिनेमातली भांडणं ऐकू येताहेत, आणि मी, एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणारी बाई, स्वतःच्या पानावर काय लिहायचं हे ठरवू शकत नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर मी तासभर न थांबता बोलू शकते. हे असं का, याचा विचार करत होते तेव्हा भावाचा तो शब्द परत कानात आला. हस्तलिखित.

त्याचा पहिला नियम मला अजून पाठ आहे. हैदराबाद नको. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही दहा-बारा मुलंमुली सतरंजीवर बसायचो आणि तुम्ही भिंतीला टेकून विषय वाटायचा. कुणाला सह्याद्री, कुणाला कोजागरी, कुणाला पुण्याची पेठ. ज्यांचं अक्षर चांगलं ते जाड कागदावर निळ्या शाईत मजकूर उतरवायचे, शीर्षकं लाल शाईत, भोवती वेलबुट्टी. वर्षाला एक अंक, अंकाची एकच प्रत. ती शिवून झाली की मंडळाच्या घराघरांत दोन-दोन दिवस फिरायची आणि मग पुण्याला स्पर्धेला जायची. "तिकडचे लोक आपल्याला मराठी समजत नाहीत," तुम्ही म्हणायचा. "त्यांना वाटतं आपण इथे राहून बाटलो. तेव्हा त्यांना दिसलं पाहिजे की आपण त्यांच्यापेक्षा कमी नाही." म्हणून आमच्या लेखांत उरूस नव्हता, देवीचं बोनालु नव्हतं, नामपल्लीचं प्रदर्शन नव्हतं, जिथे तुम्ही दर जानेवारीत स्वतः आम्हाला घेऊन जायचा आणि तिखट लावलेली कणसं खाऊ घालायचा. गंमत म्हणजे तुमच्याइतकं सुंदर उर्दू मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुमचे वडील निजामाच्या काळातले वकील. कागद आणायला मी तुमच्याबरोबर आबिड्सला यायची तेव्हा तुम्ही त्या म्हाताऱ्या कागदवाल्याला म्हणायचा, "हजरत, इस दफा कागज़ ज़रा दबीज़ दीजिए," जरा जाड द्या एवढंच, आणि तो उठून उभा राहायचा. तो उठून उभा राहिल्याचं मी लिहिलं असतं तर तुम्ही काटलं असतं.

आता आमच्या व्हरांड्यातल्या फोनच्या बूथविषयी. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. बाबांच्या सरकारी कारखान्याने माणसं कमी करायला काढली तेव्हा बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या शब्दात स्वेच्छा किती होती ते आमच्या घराला माहीत आहे. तेव्हा देशात सगळं खुलं होत होतं, असं पेपरात यायचं. आमच्या घरात व्हरांडा बंद झाला. त्याला काच लागली, आत प्लायवुडची केबिन आली, वर पिवळा बोर्ड लागला: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काकांनी बरकतपुऱ्याहून येऊन बघितलं आणि म्हणाले, "तीन पिढ्या नोकरीतल्या. आता व्हरांड्यात दुकान का?" बाबा म्हणाले, "दुकान नाही, सेवा आहे." आई आतून म्हणाली, "दुकानच आहे, आणि चाललं पाहिजे." मी तेव्हा अकरावीत. संध्याकाळी आणि रविवारी बूथवर मी बसायची. केबिनचं दार नीट लागत नसे, आणि लागलं असतं तरी फरक पडला नसता, कारण लांबचा फोन करणारा माणूस तेव्हा ओरडायचाच.

त्या व्हरांड्यात मी लिहायला शिकले. तुमच्या सतरंजीवर नाही. समोरच्या गल्लीतली एक बुरख्यातली मुलगी यायची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवरा सौदीत, जेद्दाला. एकदा ती म्हणाली, "सुनो जी, बच्चा अब्बा बोलना सीख गया. किसकू बोलता मालूम? दीवार पे के फोटू कू." आणि खूप हसली. फोन ठेवून बाहेर आली तेव्हाही हसत होती, आणि चिल्लर तिने तीनदा मोजली. शेजारच्या तेलुगू आजी अमेरिकेतल्या मुलाला फोन लावायच्या आणि त्याच्या मशीनशी बोलायच्या. मशीन आपला निरोप सांगायचं, मग पीं वाजायचं, आणि आजी म्हणायच्या, "चेप्पु रा, चेप्पु." बोल रे, बोल. मी त्यांना दोनदा समजावलं की तो मुलगा नाही, यंत्र आहे. त्या म्हणाल्या, आवाज तर त्याचाच आहे.

आणि एक गृहस्थ होते. दर रविवारी, फोनचे दर निम्मे होतात त्या वेळी. इस्त्रीचा सदरा घालून यायचे. बाबा उठून म्हणायचे, "या, या. आज लाइन छान आहे," आणि मला केबिन पुसायला लावायचे. त्यांचाही मुलगा अमेरिकेत. ते केबिनमध्ये जायचे आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात तीन वाक्यं बोलायचे. इकडे सगळं ठीक. तू जेवलास का? बरं, बरं, तुझं काम चालू दे. मग बिल मोजणाऱ्या यंत्रावरचे लाल आकडे थांबायचे. माझ्या समोरच थांबायचे, त्यामुळे पलीकडून फोन ठेवलेला मला कळायचा. पण ते गृहस्थ रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहायचे. अधूनमधून मान हलवायचे. एकदा तर हसलेही. बाहेर बाकावर लोक बसलेले असायचे, त्यांना वाटावं की मुलगा खूप बोलतो आहे.

हे सगळं मी लिहिलं, सर. चार पानं होती. कुणाचं नाव नव्हतं, गल्लीचं नाव नव्हतं. उर्दू बोलणं उर्दूत ठेवलं होतं, तेलुगू तेलुगूत. रविवारी तुमच्या हातात दिलं. तुम्ही हॉलच्या खिडकीशी उभे राहून वाचलंत. सगळे थांबले होते. चौथं पान तुम्ही दोनदा वाचलंत. मग कागद दुमडून खिशात घातलेत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हे लेखन नाही. ही चहाडी आहे."

कुणीतरी मागे हसलं.

"लोक विश्वासाने तुमच्या दारात येतात. त्यांचं बोलणं ऐकून कागदावर मांडायचं? आणि ही भाषा कुठली? पुण्याच्या परीक्षकांना कळायला हवं का, की आपल्या मुली दुकानात बसतात?"

"पण सर, मी बसते."

"बसतेस ना? मग बस. लिहू नकोस." मग जरा मऊ आवाजात, "तुझा हात चांगला आहे गं. तू कोकणचा समुद्र घे."

मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. वर्गात शेजारी बसणारी एक मुलगी सुट्टीत विशाखापट्टणमला आजोळी जायची, तिला मी विचारलं. तिने सांगितलं, पहाटे उठून वाळूत बसायचं, आधी पाणी राखाडी दिसतं, मग तांबूस, आणि मग सूर्य पाण्यातून वर येतो, ओला. हा ओला शब्द तिचाच. मी ते सगळं उचललं, नारळाच्या झाडांपुढे दोन सुपारीची झाडं लावली, होडीत एक कोळी बसवला, आणि कोकणातला सूर्योदय लिहिला. तुम्ही वाचलात. खिडकीशी नाही, सगळ्यांसमोर मोठ्याने. "याला म्हणतात डोळे," तुम्ही म्हणालात. अंकाचा तो पहिला लेख झाला. त्याच्याभोवती लाटांची वेलबुट्टी काढली होती. घराघरांतून तो फिरला, वकील, मास्तर, रेल्वेतले अधिकारी, सगळ्यांनी वाचला, शेऱ्यांच्या पानावर कौतुक लिहिलं. मंडळाच्या एवढ्या घरांत एकाच्याही लक्षात आलं नाही की कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे. आमचा सगळ्यांचा समुद्र पूर्वेचा होता. आम्हाला तो जवळ होता, रात्रीच्या एका गाडीवर, आणि त्याच्याबद्दल लिहायला बंदी होती.

अंक परत आला तेव्हा माझ्या लेखाच्या कडेला परीक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. आणि शेवटच्या पानावर: भाषा निर्दोष, परंतु हैदराबादच्या मंडळींच्या अंकात हैदराबाद कुठे आहे?

तो शेरा तुम्ही आम्हाला वाचून दाखवलात. तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगत नाही. मला वाटलं, आता. आता तुम्ही खिशातून ती चार पानं काढाल. मी खरंच तुमच्या खिशाकडे बघत होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ठीक आहे. त्यांना हैदराबाद हवं आहे. पुढच्या वर्षी विषय, चारमिनार, सालारजंग, मोती, निजामाचे जवाहिर." आणि माझ्याकडे न बघता, "तू चारमिनार घे."

मी चारमिनार घेतला. पाहुण्यासारखा लिहिला. त्या वर्षी आपल्याला उत्तेजनार्थ मिळालं.

मला राग कशाचा आहे ते नीट सांगते, कारण इतकी वर्षं मी तो चुकीच्या जागी ठेवला. तुम्ही मला रागावलात याचा नाही. शिक्षक रागावतात. तुम्ही मला दोनदा खोटं लिहायला लावलंत आणि त्याला डोळे म्हणालात, याचा आहे. आधी पुण्याला आवडेल म्हणून कोकण, मग पुण्याला आवडेल म्हणून हैदराबाद. आपण कुठे राहतो हेसुद्धा दुसऱ्याने विचारल्याशिवाय लिहायचं नाही, आणि विचारलं तर त्याला जे दिसतं तेच लिहायचं. पुढे मी तारनाक्याच्या पलीकडे विद्यापीठात साहित्य शिकले. तिथे परदेशातल्या लहान लहान गावांतल्या लोकांनी आपापल्या गल्ल्यांवर, आपापल्या दुकानांवर लिहिलेली पुस्तकं आम्हाला लावलेली होती. आम्ही त्यावर उत्तरं लिहायचो. लायब्ररीत एकदा वाचता वाचता मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण त्यातला माणूस आपल्या बापाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत होता. त्याला कुणी चहाडखोर म्हटलं नव्हतं.

आणि हे संपलेलं नाही. महिनाभर मी इंटरनेटवर मराठी लोक जिथे जमतात तिथे डोकावते आहे. पुण्याचे, मुंबईचे, अमेरिकेतले. मी हैदराबादची म्हटल्यावर एकाने विचारलं, तिकडे अजून मराठी लोक आहेत का? दुसरी म्हणाली, किती गोड, मग तुमच्या त्या भाषेत काहीतरी गमतीदार लिहा ना! गमतीदार. आमचा स्वयंपाक, आमचं भांडण, आमचं मरण, सगळं गमतीदार. आणि मी काय केलं? शहाण्या मुलीसारखी बसले आणि लाखेच्या बांगड्यांवर परिच्छेद लिहिला. तुम्ही नाही आहात, हॉल विकला गेला, त्या जागी कॉम्प्युटर शिकवणारी संस्था आली, आणि तरी विषय तुम्हीच वाटता आहात.

आता चौथ्या पानाविषयी. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही ओळखलं नाहीत. मी नाव लिहिलं नव्हतं, सदऱ्याचा रंग बदलला होता, आणि सोळाव्या वर्षी माणसाला वाटतं तेवढ्याने भागतं. पुढच्या रविवारी बाबांनी केबिन पुसून ठेवली. तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग कुणीतरी सांगितलं, सर विद्यानगरच्या चौकातल्या बूथवर जातात. बाबांना फार लागलं. "आपलं काही चुकलं का गं?" त्यांनी मला विचारलं. "त्यांना बिल जास्त लागलं का एखाद वेळी?" मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही गेल्यावर, तुमच्या तेराव्याला, तुमचा मुलगा माझ्याशी इंग्रजीत बोलला, आणि बोलताना दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. मी पानावर बसले होते, आणि भाताचा घास तिथेच राहिला. तेव्हा मला कळलं की चौथ्या पानावर तुम्ही स्वतःला ओळखलं होतंत.

तुम्ही म्हणाला असता, हे माझं आहे, एवढं काढ, तर मी काढलं असतं. त्याच क्षणी फाडून दिलं असतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. स्वतःचं एक पान झाकायला तुम्ही जेद्दावाल्याची बायको झाकलीत, तेलुगू आजी झाकल्यात, माझा व्हरांडा झाकलात, आणि वर त्याला साहित्याचा नियम केलात. चहाडी म्हणालात. ते मला माफ करता येत नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून करावं असंही वाटत नाही.

प्रश्न आता एवढाच आहे. बूथवर लिहायचं हे ठरलं. हे पत्र लिहिता लिहिता ठरलं. पण तुमचा परिच्छेद ठेवायचा की नाही? तुमचा मुलगा तिकडेच आहे. मराठी संकेतस्थळांवर तो येत असेल असं वाटत नाही, पण येऊ शकतो. तो परिच्छेद काढला तर बाकीचं उभं राहत नाही, हे मी तुमच्याच तालमीत शिकले आहे. आजींचं वाचून लोक हसतील, त्या मुलीचं वाचून हळहळतील, आणि पुढे जातील. लाल आकडे थांबल्यावर रिसीव्हर धरून उभा राहिलेला माणूस आहे म्हणून ते चार पानांचं काहीतरी होतं. आणि खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये, त्या सगळ्या वर्षांत, तुमच्याबद्दल इतक्या आदराने कुणी काही लिहिलं नव्हतं. तुम्ही ते दोनदा वाचलंत. दुसऱ्यांदा का वाचलंत, हे मला कधीच कळणार नाही.

आणखी एक, आणि मग पुरे. हे पत्र मी ब्लॉगवरची पहिली नोंद म्हणूनच लिहायला घेतलं होतं. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की मी प्रत्येक वाक्य लिहून थांबते, आणि तुम्हाला आवडेल का ते बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी बूथवरचा लेख पानावर लावला. उर्दू उर्दूत ठेवलं, तेलुगू तेलुगूत, चौथं पानही आठवलं तसं ठेवलं. हे पत्र लावलं नाही. चौकोनात काही लिहिलं नाही. दुपारच्या आधीच भावाचा ऑफिसातून फोन आला. बोट ठेवून सगळं वाचलं म्हणाला, वेळ लागला. मग विचारलं, "ताई, तो केबिनमधला माणूस कोण गं?"

मी म्हटलं, एक गिऱ्हाईक.